स्पेन देशांतील वसंतोत्सव

स्पेन म्हटलें कीं आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दोन दृश्यें उभीं राहतात : माणसांच्या पाठीमागें रस्त्यांतून धांवणारे बैल, आणि एकमेकांवर टोमॅटोंचा मारा करणारी लालभडक गर्दी. २०११ सालीं आलेल्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या हिंदी बोलपटानें हीं दृश्यें मराठी घरांतही पोंचविलीं. परंतु पांप्लोना शहरांतील बैलांची धांव जुलै महिन्यांत असते, व बुन्योल गांवचा टोमॅटोंचा खेळ ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारीं होतो. दोन्ही उत्सव भर उन्हाळ्यांतले. स्पेनच्या वर्षाचा खरा बहर त्यापूर्वींच, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, येऊन जातो. त्या दोन महिन्यांतील उत्सव पाहिले म्हणजे एक प्रश्न पुनःपुन्हां मनांत येतो. उत्सव हा कोणाचा? तो करणाऱ्या आळीचा, त्यावर आपला शिक्का उमटवूं पाहणाऱ्या राज्यकर्त्यांचा, कीं तो पाहावयास आलेल्या परक्यांचा? हा प्रश्न स्पेनमध्यें नुसता पंडितांचा नाहीं. तेथील रस्त्यांनीं तो सोडविण्याची खटपट केली, आणि तेथील बोलपटांनीं तो धीटपणें विचारला.

आरंभ भूमध्य समुद्राच्या कांठावरील व्हॅलेन्सिया शहरापासून होतो. तेथील उत्सवाचें नांव 'फाय्यास'. १९ मार्च हा संत जोसेफाचा दिवस. जोसेफ हा सुतार. म्हणून तो सुतारांचा कैवारी मानला जातो. हिंवाळ्यांत लवकर अंधार पडे तेव्हां सुतार लोक दुकानांत दिवा टांगण्यासाठीं एक लांकडी खांब उभा करीत. वसंत आला, दिवस मोठा झाला, म्हणजे तो खांब व दुकानांतलें टाकाऊ लांकूड ते दारापुढें जाळीत. पुढें त्या खांबाला जुने कपडे चढवून एखाद्या शेजाऱ्याचें सोंग देण्यांत येऊं लागलें, आणि त्यांतूनच आजचा उत्सव निघाला, अशी परंपरेनें चालत आलेली समजूत आहे.

आज त्या शहरांत साडेतीनशेंहून अधिक मंडळें आहेत. प्रत्येक मंडळ आपल्या चौकांत एक मोठा व एक मुलांचा लहान असे दोन देखावे उभे करतें. लांकूड, पुठ्ठा आणि अलीकडे थर्मोकोल यांचे हे पुतळे. मोठ्या मंडळांचे देखावे चार-पांच मजली घरांएवढे उंच असतात. देखाव्याचा विषय भक्तीचा नसून टवाळीचा असतो. मंत्री, नगराध्यक्ष, सावकार, नट, परदेशचे पुढारी, कोणाचीही गय होत नाहीं. मंडळ एक छापील पुस्तिकाही काढतें, व तींत देखाव्याचें मर्म पद्यांत उलगडून सांगितलेलें असतें. मार्चच्या पहिल्या तारखेपासून रोज दुपारीं दोन वाजतां नगरभवनापुढील चौकांत केवळ आवाजासाठीं दारूकाम होतें, आणि त्या आवाजाचा ताल कसा चढला व कसा उतरला यावर जाणकार वाद घालतात. अखेर १९ मार्चच्या रात्रीं वर्षभर खपून केलेलें हें सारें वैभव जाळून टाकतात. १९३४ सालापासून लोकमतानें निवडलेला एक पुतळा तेवढा दरवर्षीं वांचविण्याची चाल पडली आहे. वांचलेले पुतळे तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

परक्याला यांत निव्वळ उधळपट्टी दिसते. पण पैसा येतो कोठून हें पाहिलें म्हणजे त्यांतली खूण पटते. सभासदांची महिन्याची वर्गणी, सोडतीच्या तिकिटांची विक्री, पुस्तिकेंतील जाहिराती, अशा वाटांनीं तो वर्षभर जमवावा लागतो. त्यासाठीं माणसांना एकमेकांच्या दारीं जावें लागतें, एका टेबलाशीं जेवावें लागतें, भांडावें लागतें व पुन्हां बोलावें लागतें. देखावा टिकाऊ असता तर एकदां उभारून आळी मोकळी झाली असती. तो जळतो, म्हणूनच आळीला दरवर्षीं नव्यानें एकत्र यावें लागतें.

याच सुमारास ईस्टरचा सण येतो. त्याची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर; म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोणत्याही रविवारीं पडूं शकतो, आणि त्यापूर्वींच्या 'पवित्र सप्ताहां'तील रात्री चांदण्याच्या असतात. दक्षिणेकडील सेव्हिल शहरांत या सप्ताहांत सुमारें साठ बंधुमंडळें आपापल्या चर्चमधून ख्रिस्ताच्या व मेरीच्या मूर्ति घेऊन निघतात आणि मुख्य कॅथेड्रलमधून जाऊन परततात. मूर्तीचा लांकडी चौथरा एवढा जड असतो कीं त्याच्या पोटांत तीस ते पन्नास माणसें शिरतात. मानेच्या मणक्यावर चुंबळीसारखी कापडी गादी ठेवून ते तो उचलतात. भोंवतीं पडदा सोडलेला असल्यामुळें त्यांना वाट दिसत नाहीं. बाहेरच्या मुकादमानें दिलेली ठोक्याची खूण व त्याचा शब्द हेच त्यांचे डोळे. पूर्वीं हें काम हमाल लोक मजुरी घेऊन करीत. १९७३ सालीं 'विद्यार्थ्यांचें' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंधुमंडळाच्या सभासदांनीं प्रथमच तो भार स्वतः उचलला, आणि आतां त्या जागेसाठीं तरुणांची रीघ लागते.

मिरवणुकींतील लोकांच्या डोक्यावर जी उंच टोकदार टोपी व चेहऱ्यावर जो बुरखा असतो, तो पश्चात्तापाचा वेष होय. प्रायश्चित्त घेणारा कोण हें कोणास कळूं नये असा त्याचा हेतु. अमेरिकेंतील कुप्रसिद्ध टोळीच्या पोशाखाशीं त्याचें साम्य दिसलें, तरी ही चाल त्या टोळीहून कितीतरी जुनी आहे. पुष्कळ बंधुमंडळांत स्त्रियांना या मिरवणुकींत स्थान नव्हतें. २०११ सालीं सेव्हिलच्या आर्चबिशपांच्या हुकुमानें तो भेद काढण्यांत आला. राजकारणानेंही या सप्ताहाला सोडलें नाहीं. प्रजासत्ताकाच्या धामधुमींत १९३२ सालीं एकच बंधुमंडळ रस्त्यावर आलें, आणि १९३३ सालीं एकही नाहीं.

२३ एप्रिल हा कॅटलोनियांत संत जॉर्जचा दिवस. बार्सिलोना शहरांत त्या दिवशीं रस्तोरस्तीं गुलाबाची व पुस्तकांची दुकानें लागतात, आणि प्रियजनांना फूल व पुस्तक देण्याची रीत आहे. गुलाबाची रीत जुनी. पुस्तकाची मात्र विसाव्या शतकांतली. व्हिसेंते क्लाव्हेल नांवाच्या प्रकाशकाच्या सूचनेवरून १९२६ सालीं स्पेनमध्यें प्रथम ग्रंथदिन झाला, तो ७ ऑक्टोबरला. १९३० पासून तो २३ एप्रिलला आणला. १६१६ सालच्या त्याच तारखेला 'दोन किहोते'चा कर्ता सर्व्हान्तिस याचें दफन झालें होतें. १९९५ सालीं युनेस्कोनें हाच दिवस जागतिक ग्रंथदिन ठरविला, आणि महाराष्ट्रांतील शाळांतून व ग्रंथालयांतून पाळला जाणारा ग्रंथदिन मूळचा येथला आहे.

ईस्टरनंतर साधारण पंधरवड्यानें सेव्हिलची एप्रिल-जत्रा भरते. १८४७ सालीं ती गुराढोरांचा बाजार म्हणून सुरू झाली. सुचविणारे दोघे गृहस्थ एक बास्क व एक कॅटलन, म्हणजे दोघेही परप्रांतीय. आज तेथें हजारावर तंबू उभे राहतात, रात्रंदिवस नाचगाणें चालतें, स्त्रिया झालरींचे घोळदार पोशाख करतात. पण बहुतेक तंबू खाजगी असतात. घरच्या मंडळींची किंवा मित्रमंडळाची ती ओसरीच असल्यामुळें ओळखीवांचून आंत जातां येत नाहीं. परगांवच्या पाहुण्यांना हें खटकतें, आणि थोडे सार्वजनिक तंबू त्यांच्यासाठींच असतात.

नेमकें हेंच झालरींचें व गिटारचें चित्र पुढें साऱ्या स्पेनचें म्हणून जगापुढें मांडण्यांत आलें. १९३६ ते १९३९ या यादवी युद्धानंतर सेनापति फ्रँको यांची सत्ता १९७५ पर्यंत राहिली. तींत फाय्यासचे देखावे आधीं मंजूर करून घ्यावे लागत, कॅटलन भाषेंतील पुस्तकांवर आरंभीं कडक बंधनें होतीं, आणि परदेशी प्रवाशांसाठीं मात्र उत्सव रंगवून दाखविले जात. बोलपटांवरही तीच दृष्टि होती. २३ एप्रिल १९४१ रोजीं, म्हणजे नेमक्या ग्रंथदिनीं, परभाषेंतील सर्व बोलपट स्पॅनिश आवाजांतच दाखविण्याचा हुकूम निघाला. तो कायद्यानें कांहीं वर्षेंच टिकला. पण परक्या नटाच्या तोंडीं काय घालावयाचें हें ठरविण्याची संधि तेवढ्यांत परिनिरीक्षकांना मिळाली.

अशा काळांत, १९५३ सालीं, व्हॅलेन्सियाचेच सुपुत्र लुइस गार्सिया बेर्लांगा यांनीं 'स्वागत, मिस्टर मार्शल!' या अर्थाच्या नांवाचा बोलपट काढला. एका नव्या गायिकेला पुढें आणण्यासाठीं अँदालुसी गाण्यांचा बोलपट काढून हवा होता. बेर्लांगांनीं त्या मागणींतूनच तिची थट्टा साधली. कॅस्टिल प्रांतांतील एका गरीब खेड्यांत बातमी येते कीं अमेरिकन मदतीचे अधिकारी येणार आहेत. त्यांना आवडेल तो स्पेन म्हणजे अँदालुसिया, अशा समजुतीनें सारें गांव उसने घोळदार पोशाख व रुंद टोप्या चढवितें, घरांना खोट्या दर्शनी भिंती लावतें, आणि प्रत्येक जण काय मागावयाचें तें ठरवून ठेवतो. मोटारी येतात आणि न थांबतां धूळ उडवीत निघून जातात. मग उसनवारीचें देणें फेडण्यासाठीं प्रत्येकाला आपल्या घरांतली एकेक वस्तु आणून द्यावी लागते. प्रत्यक्षांतही मार्शल योजनेंतून स्पेनला वगळण्यांत आलें होतें. परक्यासाठीं सजलेल्या उत्सवाची किंमत शेवटीं कोण देतो, हें इतक्या हंसत हंसत क्वचितच कोणी सांगितलें असेल.

लुइस बुन्युएल यांची तऱ्हा निराळी. आरागॉन प्रांतांतील कालांदा या गांवीं १९०० सालीं त्यांचा जन्म झाला. तेथें गुड फ्रायडेच्या दिवशीं बरोबर बारा वाजतां सारें गांव एकदम ढोल बडवूं लागतें आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तो नाद थांबत नाहीं. कित्येकांच्या हातांतून रक्त येतें. बुन्युएल धर्म मानीत नसत, धर्मसंस्थेचे तर ते कडवे टीकाकार. तरीही ते त्या ढोलांपाशीं परत येत, आणि १९५९ च्या 'नासारिन' या बोलपटाच्या शेवटीं त्यांनीं तेच ढोल ऐकविले. १९६१ च्या वसंतांत त्यांच्या 'विरिदियाना'ला कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालें. स्पेनच्या वतीनें तें स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी गेली, आणि तो बोलपट स्पेनमध्यें १९७७ पर्यंत दाखवितां आला नाहीं.

मध्यंतरीं एक लहानसें दार उघडलें. १९६७ सालीं मोठ्या शहरांत व प्रवाशांच्या ठिकाणीं 'कला व प्रयोग' या नांवाचीं निराळीं चित्रगृहें सरकारनें मान्य केलीं. तेथें परदेशी बोलपट मूळ भाषेंत, खालीं अक्षरें देऊन, दाखवितां येत. दार उघडण्यांत प्रवाशांचा विचार होताच. पण आंत शिरले ते तेथील विद्यार्थी. कलात्मक बोलपटांची आवड असलेला स्पॅनिश प्रेक्षकवर्ग पुष्कळसा तेथेंच घडला. पुढें कार्लोस साउरा यांनीं १९८१ सालीं 'रक्ताचें लग्न' या लोर्काच्या नाटकावरील नृत्यपट काढला, तो झालरी व रोषणाई टाळून, एका साध्या तालमीच्या खोलींत. जो फ्लामेंको नाच प्रवाशांसाठीं गोड करून ठेवलेला होता, त्याचा कठोरपणा त्यांनीं परत दिला. १९९८ पासून मालागा शहरांत वसंतांत स्पॅनिश बोलपटांचा महोत्सव भरतो. कार्ला सिमोन या तरुण दिग्दर्शिकेच्या 'उन्हाळा १९९३' या कॅटलन भाषेंतील बोलपटाला २०१७ सालीं तेथें मानाचें पारितोषिक मिळालें.

आज धाक सत्तेचा राहिला नाहीं; दबाव आहे तो गर्दीचा. मेच्या पहिल्या पंधरवड्यांत कोर्दोबा शहरांतील कुटुंबें आपल्या घरांची फुलांनीं मढलेलीं अंगणें लोकांना उघडून देतात. नगरपालिकेची ही स्पर्धा १९२१ पासूनची आहे. उंच भिंतीवरच्या कुंड्यांना लांब वेळूच्या टोकाला डबा बांधून पाणी घालावें लागतें, आणि हें काम पंधरा दिवसांचें नसून वर्षभराचें असतें. २०१२ सालीं युनेस्कोनें या अंगणांचा गौरव केला. तेव्हांपासून अरुंद बोळांत रांगा लागतात. पाहुण्यांनीं पैसा आणला हें खरें. पण त्यांच्या सोयीसाठीं जुन्या वस्तींतलीं घरें भाड्याचीं विश्रामगृहें झालीं तर पाणी घालणारा हात कोठून यावा? ज्या घरांत कोणी राहत नाहीं, त्या घराचें अंगण फुलत नाहीं.

करोनाच्या सांथीनें या प्रश्नाचा एक पैलू आपोआप उघड केला. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षीं सेव्हिलच्या रस्त्यांवर ना मिरवणूक निघाली, ना जत्रा भरली; व्हॅलेन्सियाचा उत्सव २०२० सालीं ऐन वेळीं थांबला व २०२१ सालीं सप्टेंबरांत करावा लागला. परदेशी पाहुणा नव्हता, गर्दी नव्हती. तरी मंडळें मोडलीं नाहींत, आणि बंधन उठतांच उत्सव पुन्हां उभे राहिले. कारण व्हॅलेन्सियांतील मंडळांचें वर्ष १ जानेवारीस सुरू होत नाहीं. १९ मार्चच्या रात्रीं देखावा जळतो, बंबवाले राख विझवितात, आणि २० मार्चच्या सकाळीं नव्या वर्षाची वर्गणी लागू होते.