टाचेखालचं कुलूप

ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचं पाणी चढावर आणलं आणि कडेगाव तालुक्यातली कोरडवाहू रानं उसाखाली गेली. पाण्याबरोबर चिखलही आला. परतीचा पाऊस लांबला, रानाला वाफसा यायच्या आत तोड लागली, की वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडं निघालेली भरली ट्रॉली फडातच रुतते. ट्रॅक्टरचं मागचं एक चाक जागेवर गरगरा फिरत चिखल उडवतं. दुसरं बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर असतं, तरी ते ढिम्म हलत नाही. डिझेल जळतं, इंजिन ओरडतं आणि शेवटी कुणीतरी दुसऱ्या ट्रॅक्टरला फोन लावतं.

पुष्कळदा या फोनची गरज नसते. बहुतेक ट्रॅक्टरांत चालकाच्या उजव्या टाचेजवळ एक लहानसं पेडल असतं. ते डिफरन्शियल लॉकचं. जीपवाले हौसेनं पदरचे पैसे घालून जी सोय मागच्या एक्सलमध्ये बसवून घेतात, ती इथं ट्रॅक्टर बनतानाच बसवून मिळालेली असते.

घट्ट जमिनीवरचं चाक का फिरत नाही, हे समजायला आधी वळणाचं गणित पाहावं लागेल. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. गाडीनं एक पूर्ण गोल चक्कर मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. चक्कर लहान असो वा मोठी, फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर ठरतो. काटकोनात वळलं तरी २.३५ मीटरचा फरक पडतो. बैलगाडीला याचा त्रास नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात, ओढायचं काम बैल करतात. पण चाकांनाच इंजिननं फिरवायचं म्हटलं, तर दोन्ही चाकांना जोर द्यायचा आणि वेग मात्र वेगळा ठेवू द्यायचा, असा पेच येतो. पॅरिसचा घड्याळजी ओनेसिफोर पेकर यानं १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तो सोडवला. ती रचना म्हणजे डिफरन्शियल, आणि आजही बहुतेक गाड्यांच्या एक्सलच्या हाउसिंगमध्ये तीच असते. इंजिनच्या जोरानं फिरणाऱ्या क्राऊन व्हीलबरोबर केज फिरते, केजमधले स्टार पिनियन दोन्ही बाजूंच्या सन गिअरना ढकलतात आणि तिथून हाफ शाफ्ट चाकांपर्यंत जातात.

अडचण या स्टार पिनियनमध्येच आहे. खिल्लार जोडीच्या जुवाला नांगराचा दोर बरोबर मधोमध बांधलेला असतो. एका बैलानं अंग चोरलं, की जू त्या बाजूनं मागं फिरतं आणि दुसऱ्याची ताकद वाया जाते. जोर दोघांकडून सारखाच लागला पाहिजे. स्टार पिनियन तसाच मधोमध तोललेला असतो. तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतो, आणि किती द्यायचा हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं.

आकडे घेऊ. समजा, चिखलातलं चाक १०० किलो जोर लावला की घसरतं आणि घट्ट जमिनीवरचं ८०० किलोपर्यंत पेलतं. साध्या डिफरन्शियलमध्ये दोघांना १०० च मिळणार, म्हणजे एकूण २००. तेवढ्यानं ट्रॉली हलत नाही. त्यामुळं एक चाक थांबून राहतं आणि दुसरं क्राऊन व्हीलच्या दुप्पट वेगानं फिरत खड्डा खणत जातं. लॉक दाबला की एक सन गिअर आणि केज एकमेकांत अडकतात, स्टार पिनियनला फिरायला जागा उरत नाही आणि दोन्ही चाकं एका वेगानं फिरू लागतात. आता जोर पकडीप्रमाणं वाटला जातो. १०० अधिक ८००, म्हणजे ९००. इंजिन तेच, टायर तेच आणि ओढ साडेचारपट.

लॉक नादुरुस्त असेल, तर जुने चालक दुसरा उपाय करतात. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे वेगवेगळे ब्रेक असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच दाबला, की त्या चाकाला फिरवायला जास्त जोर लागतो आणि तेवढाच जोर पलीकडंही पोचतो. आजच्या महागड्या गाड्यांत संगणक एबीएसच्या सेन्सरवरून नेमकं हेच करतो. फडातला चालक ते वर्षानुवर्षं पायानं करत आला आहे. या कौशल्याची नोंद कुठं होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जीपच्या बाबतीत पर्याय बरेच आहेत. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या ‘गुरखा’ गाडीत पुढं-मागं दोन्हीकडं हातानं टाकायचे लॉक असतात. नाशिकला बनणाऱ्या थारच्या २०२० नंतरच्या काही मॉडेलांत मागचा लॉक आपोआप लागतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला, की आतली वजनं बाहेर फेकली जाऊन तो खटकन बसतो. २०२४ च्या थार रॉक्समध्ये बटणाचा लॉक आला. जुन्या जीपमध्ये असा लॉक, म्हणजे लॉकर, नव्यानं बसवायचा असेल, तर हाफ शाफ्ट ओढून हाउसिंग उघडावं लागतं आणि क्राऊन व्हील बहुधा नव्या केजवर चढवावं लागतं. खरी कसोटी त्यानंतर लागते. क्राऊन व्हील आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनच्या दातांमधली फट शिम घालून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात जुळवायची, दातांना रंग लावून ठसा कुठं उमटतो ते पाहायचं. इथं घाई केली, तर गाडी आधी किंचाळू लागते आणि मग दात जातात. शिवाय पूर्वी निम्मा जोर सोसणाऱ्या हाफ शाफ्टवर आता वेळप्रसंगी सगळा जोर येतो. मोठे टायर, लॉकर आणि जुने शाफ्ट एकत्र आले की शाफ्ट पिळवटून तुटतो. म्हणून आधी शाफ्ट तपासावेत.

पुन्हा ट्रॅक्टरकडं येऊ. त्याचा लॉक कधी आणि कसा वापरावा, याचा नियम साधा आहे. चाक जोरात फिरत असताना तो दाबू नये, नाहीतर दात तुटतात. क्लच दाबून चाक थांबवावं, लॉक लावावा आणि क्लच हळू सोडावा. नांगरताना एक चाक तासात आणि दुसरं वर असतं, तेव्हा सरळ ओळीत लॉक उपयोगी पडतो. बांधाला वळायच्या आत तो सोडलाच पाहिजे. लॉक लागलेला ट्रॅक्टर स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच जायला बघतो, आणि डांबरी रस्त्यावर ते जिवावर बेतू शकतं.

पण दोन्ही चाकं रुतून जाम झाली असतील, तर लॉकचा मोह टाळावा. चाकं फिरू शकली नाहीत, की इंजिनचा जोर ट्रॅक्टरलाच मागच्या एक्सलभोवती फिरवतो. त्याचं तोंड वर उचललं जातं आणि सावरायला सेकंदभरही मिळत नाही. अशा वेळी ट्रॉली सोडवावी, चाकामागची माती काढावी आणि रिव्हर्स टाकून बाहेर यावं. जड ओढायचं असेल तेव्हा साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. एक्सलच्या वर, टॉप लिंकच्या जागी ती कधीही बांधू नये.