कायमचे घरून काम

नेमणूकपत्रात कामाची जागा म्हणून कर्मचाऱ्याच्या घराचा उल्लेख आला, की घरून काम ही सवलत राहत नाही, नोकरीची अट बनते. दोन्हींत फरक मोठा आहे. सवलत एका ईमेलने काढून घेता येते. अट बदलायची तर दोन्ही बाजूंना पुन्हा बोलणी करावी लागतात. २०२० नंतर अनेक कंपन्यांनी ‘कायम’ हा शब्द वापरला, पण बहुतेकींनी दिली ती सवलतच. मे २०२० मध्ये ट्विटरने कर्मचाऱ्यांना हवे तर कायम घरून काम करण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, मालकी बदलल्यावर लगेचच, ती गेली. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना कार्यालयात यावे लागू नये, असे उद्दिष्ट टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते. २०२३ मध्ये याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले.

कल्पना मात्र करोनाच्या साथीच्या कितीतरी आधीची. माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे न्यावे, हा विचार अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये मांडला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरील कोंडी त्यामागे होती. रोज हिंजवडीला जाणाऱ्या पुणेकराला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

भारतात ही गोष्ट रखडण्याचे एक कारण नियमांत होते. कॉल सेंटर आणि बीपीओ यांना दूरसंचार खात्याकडे नोंदणी करावी लागे, आणि ती नोंदणी ठरावीक जागेला बांधलेली असे. कर्मचाऱ्याच्या घरून काम करवून घ्यायचे तर वेगळी परवानगी लागे, अनामत रक्कम भरावी लागे. मार्च २०२० मध्ये या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीच रद्द केली. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या करसवलती त्या आवारातील कामाशी जोडलेल्या होत्या. त्यांच्यासाठी जुलै २०२२ मध्ये नवा नियम आला आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम देता येऊ लागले. डिसेंबरमध्ये ही मर्यादा सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत वाढली, तीही मुदतीपुरतीच.

घरी बसून काम खरोखर होते का? या शंकेचे सर्वांत काळजीपूर्वक दिलेले उत्तर चीनमधून आले. सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीच्या शांघायमधील कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम त्याच्या अभ्यासकांपैकी एक. स्वतःहून तयार झालेल्या सुमारे २५० जणांची जन्मतारखेवरून विभागणी केली: सम तारखेचे आठवड्यातील चार दिवस घरी, विषम तारखेचे कार्यालयात. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या, हे त्याचे मुख्य कारण. काही वाटा घरच्या शांततेचा. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पण या आकड्यांची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. तितकेच काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली आणि प्रयोग संपल्यावर त्यांतील बरेच जण एकटेपणाला कंटाळून परतले. शिवाय भाग घेण्यासाठी घरात स्वतंत्र खोली असणे ही अट होती. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात ती आणायची कुठून?

याच कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. या वेळी फक्त दोन दिवस घरी, बाकीचे कार्यालयात. नोकरी सोडणे एक तृतीयांशाने घटले, आणि काम किंवा बढती यांवर वाईट परिणाम दिसला नाही. अनेक कंपन्या अशा मिश्र पद्धतीवर स्थिरावल्या, त्याचे कारण यातून कळते.

पूर्णपणे घरून चालणाऱ्या कंपन्यांना कामाची पद्धतच बदलावी लागते. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचे कर्मचारी अनेक देशांत विखुरलेले आहेत. तिथे कामाची रीत आणि घेतलेले निर्णय सविस्तर लिहून ठेवले जातात, कारण शेजारच्या टेबलाकडे वळून विचारण्याची सोय नाही. हजेरीऐवजी हाती आलेले काम मोजावे लागते. ज्या साहेबांना माणसे डोळ्यांसमोर लागतात, त्यांना हे सर्वांत जड जाते.

जागा, वीज, इंटरनेट यांचा कंपनीचा खर्च वाचतो, तो बराचसा घरावर येतो. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे: पाने आणि तंबाखू मालकाची, पण जागा, दिवा आणि मोडलेली पाठ स्वतःची. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले, हे त्या काळाच्या मानाने मोठे पाऊल होते. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस कायदा केला. घरून काम केल्याने वाढणारा खर्च मालकाने द्यायचा आणि कामाची वेळ संपल्यावर कर्मचाऱ्याशी संपर्क साधायचा नाही, अशा त्यातील तरतुदी आहेत. भारतात मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत घरून कामाचा उल्लेख आला, पण रजेनंतरची ती सोय मालक आणि कर्मचारी आपसांत ठरवतील त्या अटींवरच मिळते.