किरणोपचार : पंधरा खेपांऐवजी पाच

कर्करोग म्हटले की छातीत धस्स होते. किरणोपचारात क्ष-किरणांनी रोगट पेशी नष्ट करतात. निरोगी पेशींना सावरायला अवधी मिळावा म्हणून मात्रा रोज थोडी थोडी देतात. ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे देत. ग्रे हे किरणमात्रेचे माप. एका वेळची मात्रा वाढवली, तर एकूण मात्रा कमी पुरते. तेथे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्राथमिक अवस्थेतील रोगावर एका आठवड्यात ५ वेळा मिळून २६ ग्रे दिले. पाच वर्षांनंतरही रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नव्हते. रोजंदारी बुडवून शहरात राहणाऱ्या बाईचे दोन आठवडे वाचणे, हीही विज्ञानाची मोठी झेपच नव्हे काय?