वेगाच्या विक्रमाची लहान प्रतिकृती

शिरूर ते दौंड हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४५ किलोमीटर. १८९९ मध्ये ताशी १०५.८८ किलोमीटरचा विक्रम करणाऱ्या विजेवरील मोटारीने ते साडेपंचवीस मिनिटांत कापले असते. १९२९ मध्ये ताशी ३७२ किलोमीटर गाठणाऱ्या 'गोल्डन ॲरो'ला मात्र सव्वासात मिनिटे पुरली असती.

अशा विक्रमी मोटारींच्या प्रतिकृती घडवणे हा आकारामागचे कारण शोधण्याचा छंद आहे. 'गोल्डन ॲरो'च्या बॉनेटवरील तीन उंचवटे शोभेचे नव्हते. त्यांच्याखाली नेपियर लायन या विमानाच्या इंजिनातील सिलिंडरांच्या तीन रांगा होत्या. सुमारे साडेआठ मीटर लांबीची ही मोटार १:२४ प्रमाणात ३५ सेंटिमीटरची होते. आधी बाजूचे आणि वरचे रेखाचित्र काढावे, त्यावरून पुठ्ठ्याचे साचे कापावेत आणि साचे लावून पाहत मऊ लाकूड तासत जावे.

मोटार पूर्णतः काल्पनिक असली, तरी इंजिन कोठे, हवा कोठून शिरणार, चालक कोठे बसणार, हे आधी ठरवावे लागते. खऱ्या मोटारींत या प्रश्नांवर माणसाचा जीव अवलंबून असे. १९२७ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या किनाऱ्यावर विक्रमाच्या प्रयत्नात पॅरी-टॉमस मृत्युमुखी पडले. त्यांची 'बॅब्ज' ही मोटार तेथेच वाळूत पुरण्यात आली. १९६९ मध्ये ती बाहेर काढून पुन्हा उभी करण्यात आली. तिची प्रतिकृती करणाऱ्याने हा इतिहासही ठाऊक करून घ्यावा.