साथीचे सूर : जॅकी मिटू

गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. त्याच्यामागे बसून वाद्ये वाजविणाऱ्यांची नावे मात्र पुष्कळदा छापलीच जात नाहीत. ठरलेला मोबदला घेऊन निरनिराळ्या गायकांच्या ध्वनिमुद्रणास साथ करणाऱ्या अशा कलावंतास ‘सेशन वादक’ म्हणतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक गोमंतकीय वादकांनी हेच काम वर्षानुवर्षे केले. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर ज्या रेगे संगीताचा उदय झाला, त्याच्या जडणघडणीत जॅकी मिटू या सेशन वादकाचा वाटा फार मोठा आहे.

मिटू यांचा जन्म ३ मार्च १९४८ रोजी जमैकातील ब्राउन्स टाउन येथे झाला. पियानोचे पहिले धडे त्यांना आजीने दिले. क्लेमंट डॉड यांनी १९६३ मध्ये किंग्स्टन शहरात ‘स्टुडिओ वन’ सुरू केला. मिसरूडही न फुटलेल्या वयात मिटू तेथे पियानो व ऑर्गन वाजवू लागले. १९६४ साली स्थापन झालेल्या ‘स्कॅटलाइट्स’ या गाजलेल्या वाद्यवृंदातही ते होते. पुढच्याच वर्षी हा वाद्यवृंद मोडला, आणि स्टुडिओतील वादकांचे नेतृत्व या तरुणाकडे आले.

रेगेमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटार किंवा पियानोचा तुटक आघात होतो. पहिली मात्रा बहुधा मोकळी सोडलेली असते. या आघातांच्या मधल्या जागा ऑर्गनवादक दोन्ही हातांनी आलटून पालटून हलकेच भरून काढतो. उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांसारख्या या वादनाला तेथे ‘बबल’ असेच म्हणतात. ऐकणाऱ्याचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पण ते थांबले तर गाणे एकदम पोकळ वाटू लागते.

जमैकात आणखी एक प्रथा आहे. एकदा ध्वनिमुद्रित झालेली साथ, म्हणजे ‘रिदिम’, जपून ठेवली जाते आणि तिच्यावर दुसरे गायक नवी गाणी गातात. त्या काळी वादकाला मोबदला मिळे तो बहुधा एकदाच. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘साउंड डायमेन्शन’ या स्टुडिओतील वाद्यवृंदाने ‘रिअल रॉक’ ही वाद्यरचना मुद्रित केली. तीत मिटू यांचे वादन आहे. पुढे याच साथीवर विली विल्यम्स यांनी ‘आर्मगिडियन टाइम’ हे गीत गायिले. लंडनच्या ‘द क्लॅश’ या रॉक वाद्यवृंदाने १९७९ मध्ये ते आपल्या पद्धतीने सादर केले. ‘रिअल रॉक’वर आधारलेली गाणी आज शेकड्यांनी मोजावी लागतात. ती ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ऑर्गनवादकाचे नाव ठाऊक असेल?

१९६० चे दशक संपता संपता मिटू कॅनडातील टोरांटो शहरी स्थायिक झाले. तेथे १९७१ मध्ये त्यांचा ‘विशबोन’ हा गीतसंग्रह निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर नाव होते ते त्यांचेच. तथापि इतरांना साथ करणे त्यांनी सोडले नाही. १६ डिसेंबर १९९० रोजी टोरांटो येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४२ वर्षांचे होते.