दूध आटते कुठे?



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. बाळंतिणीच्या दुधावर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटलेली. परंतु या विषयाने माझ्याच कचेरीत येऊन मला गाठले, ते कसे, हे आधी सांगतो.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यातली बाई सासूला घेऊन आमच्याकडे आली. तक्रार पगारकपातीची होती. दुपारच्या सुट्टीनंतर ती दहा मिनिटे उशिरा जागेवर येई आणि अर्ध्या तासाचा पगार कापला जाई. उशीर का होतो, म्हणून विचारले. मान खाली घालून ती म्हणाली, "दादा, मोरीत जाऊन अंगावरचं दूध पिळून टाकते. पोलकं भिजतं सगळं." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "कसलं दूध? हिच्या अंगावर दूधच नाही. पोर वरच्या दुधावर आहे. मेथी झाली, अळीव झाले, काही गुण नाही."

एकाच बाईला कारखान्यात दूध आवरत नव्हते आणि घरी पुरत नव्हते. मी पगाराचा हिशेब मांडला, भांडलो, कापलेले पैसे मिळवून दिले. दुधाचा हिशेब मात्र मला मांडता आला नाही. महिनाभरात तिचे दूध खरोखरच आटले. ते कोडे डोक्यात राहिले, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता चीनपर्यंत पोहोचलो.

चीन म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते तिकडे गेले ते आधुनिक शस्त्रवैद्य म्हणून. पण त्या देशाचे स्वतःचे जुने वैद्यक आहे आणि त्याने बाळंतिणीच्या दुधाचा फार बारकाईने विचार केला आहे. सातव्या शतकातल्या सुन सिम्याओ या वैद्याच्या ग्रंथात दूध न येणाऱ्या स्त्रियांसाठी अनेक पाठ दिलेले आहेत. सतराव्या शतकात फू छिंगचू नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या स्त्रीरोगांच्या ग्रंथात हा विषय सुटसुटीतपणे मांडला आहे.

त्यांची उपपत्ती अशी. दूध म्हणजे रक्ताचेच रूपांतर. एरवी मासिक पाळीत खाली जाणारे रक्त बाळंतपणानंतर वर चढते आणि दूध होते. पण नुसते रक्त पुरत नाही, ते हलवणारी एक शक्ती लागते. तिला ते 'छी' म्हणतात. आपल्याकडच्या वायूच्या किंवा प्राणाच्या कल्पनेशी ती जवळची वाटते, तंतोतंत तीच नव्हे. स्तन हा जठराच्या वाहिनीच्या वाटेवर आहे आणि स्तनाग्र यकृताच्या ताब्यात, असे ते मानतात. यकृत म्हणजे त्यांच्या मते रागाचे आणि कोंडलेल्या मनाचे घर.

म्हणून दूध कमी होण्याचे त्यांनी दोन मुख्य प्रकार केले. पहिल्यात भांडेच रिकामे असते. बाई थकलेली, चेहरा फिका, स्तन मऊ, दूध पातळ. बाळंतपणात रक्त फार गेले किंवा खाणे पोटभर नाही, तर असे होते. तिला रक्त आणि छी वाढवायची औषधे द्यायची. फू छिंगचूच्या पाठात जिनसेंगसारखी मुळे आणि डुकराचे पाय एकत्र शिजवून तो रस्सा पाजायला सांगितले आहे. दुसऱ्या प्रकारात भांडे भरलेले, पण तोटी बंद. स्तन कडक, दुखरे, ताठलेले. घरात भांडण झालेले किंवा मनात काही साचलेले. तिथे पौष्टिक चारून उपयोग नाही, वाट मोकळी करायची. त्यासाठी एका रानफुलाचे बी वापरतात. त्याच्या चिनी नावाचा अर्थ असा, की राजाने हुकूम केला तरी हे थांबायचे नाही! करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर सुई टोचणे हाही त्यांचा जुना उपाय.

याच 'वाट मोकळी करण्या'पायी एक वाईट गोष्ट घडली. खवलेमांजर जमीन पोखरत जाते, तेव्हा त्याचे खवले शरीरातल्या वाटाही पोखरून मोकळ्या करतील, असे मानून ते औषधात घालीत. वस्तुतः खवला ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याची आपली नखे. पण त्या समजुतीने आशियातली खवलेमांजरे संपत आली. आपल्या कोकणातल्या प्राण्यालाही शिकाऱ्यांनी सोडले नाही. २०२० साली चीनने आपल्या औषधसंहितेतील द्रव्यांच्या यादीतून खवले वगळले.

आता आपल्या घरात डोकावू. सुश्रुताने दूध हा अन्नरसाचाच प्रसाद मानला आणि राग, शोक, वात्सल्याचा अभाव यांनी ते नाहीसे होते असे सांगितले. म्हणजे रिकामे भांडे आणि कोंडलेले मन ही दोन्ही कारणे त्यालाही ठाऊक होती. चरकाने दूध आणणाऱ्या दहा औषधींचा गट दिला आहे. त्यात बहुतेक गवतवर्गातली मुळे आहेत: वाळा, दर्भ, कुश, काश वगैरे. आपली प्रसिद्ध शतावरी त्या दहांत नाही, ती सुश्रुताच्या यादीत सापडते. लसूण, मासे, शिंगाडा, भुईकोहळा, ज्येष्ठमध आणि दुध्या यांच्या पंक्तीला. शतावरीवर अलीकडे लहानमोठे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, बाळंतशोपा हे सारे आपल्या माजघरातले. त्याने अंगात ताकद येते, लोह मिळते, यात वाद नाही. लाडू करणाऱ्या हातांचा मला अवमान करायचा नाही.

एक विसंगती मात्र सांगून टाकतो. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजाऱ्यांना वाटून आवडीने खातो. आणि आईचा चीक अशुद्ध म्हणून कित्येक घरांत पिळून टाकीत. बाळाला मधाचे बोट देत. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय, आणि पहिल्या तासातच त्याला अंगावर घ्यावे, असे आजचे वैद्यक सांगते. मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

पण माझ्या कोड्याचे उत्तर सुश्रुताच्याच दुसऱ्या एका निरीक्षणात होते. बाळाच्या स्पर्शाने, त्याला पाहण्याने, नुसत्या आठवणीनेही दूध वाहू लागते, असे तो म्हणतो. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. आज त्याची यंत्रणा कळली आहे. बाळाने चोखले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन रस सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलते. भीती, वेदना, अपमान यांनी हे ढकलणे अडखळते; म्हणजे कोंडलेल्या मनाविषयी जुने वैद्य अगदीच चुकीचे नव्हते. पण तिसरी गोष्ट त्यांच्या उपपत्तीत ठळक आली नाही. स्तन भरलेला राहिला की दुधातूनच 'आता पुरे' असा निरोप जातो आणि उत्पादन मंदावते. रिकामा झाला की वाढते. हा माल गोदामात साठवून ठेवण्याचा नव्हे. जितकी उचल, तितके उत्पादन. नव्या बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते, ते यासाठीच.

आता ती बाई पाहा. सकाळी सातला घर सोडायचे, संध्याकाळी पाचला परतायचे. दहा तासांत एकदा, तेही मोरीत, घाईघाईने, कोणी दार ठोठावील या धास्तीने. बाळ तिकडे बाटलीला लागलेले. बाटलीने पोट भरले की ते आईला कमी चोखणार; कमी चोखले की दूध आणखी कमी. सासूबाई म्हणतात ते संध्याकाळी खरे होते, सून म्हणते ते दुपारी खरे होते. कमी होता तो वेळ.

सर्वच बायकांचे असे असते असे नाही. थायरॉइडचा विकार, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, यांमुळे दूध खरोखर कमी येते. तिथे लाडवावर न विसंबता डॉक्टरकडेच जावे. बाळाला पुरते की नाही हे त्याच्या रडण्यावरून ठरवू नये. पहिला आठवडा संपल्यावर दिवसाला सहा वेळा तरी लंगोट ओले होतात का आणि वजन वाढते का, ते पाहावे.

चीनमध्ये बाळंतीण 'महिना बसते', आपल्याकडे सव्वा महिना. शेक, तेल, खुराक, बाहेर जाणे नाही. मला वाटते, दोन्हीकडच्या औषधांत खरे मोठे औषध हेच होते: आईला आणि बाळाला एका खाटेवर राहायला मिळालेला वेळ. पण तो मिळे कोणाला? गिरणीतल्या बाईला नव्हे. मुंबईच्या गिरणगावात आया पोरांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाईच्या श्रमाचा नफा मालक घेतो, तर या भाराचा वाटाही त्याने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. १९६१ साली सबंध देशाचा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली. सिन्नरकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे मूल जवळच असते खरे, पण तिची मजुरी हजार विड्यांवर. मूल अंगाला घेतले की हात थांबतो आणि हात थांबला की पैसे थांबतात.

१९६१ च्या कायद्याचे अकरावे कलम असे होते, की मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या द्याव्यात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे. ती बाई माझ्यासमोर बसली होती तेव्हा हा कायदा माझ्या मागच्या कपाटात होता. मी ते कलम वाचलेले नव्हते.

चार वर्षांनी तिला दुसरे मूल झाले. या खेपेला कलमावर खूण करून मी व्यवस्थापकांसमोर बसलो. दोन सुट्ट्या मिळाल्या. फाटकाजवळच्या रखवालदाराच्या खोलीत एक बाक आणि दाराला कडी, एवढे करून घेतले. सासूबाई दिवसातून दोनदा नातवाला घेऊन फाटकाशी येत. त्या पोराने वर्ष उलटेपर्यंत बाटली पाहिली नाही. अळिवाचे लाडू सासूबाईंनी तेव्हाही केले होते. एक माझ्यासाठी कचेरीत पाठवला.