थंडी मोजणारे डोळे

युरोपातल्या बीच झाडाचा हिवाळी डोळा दीड-दोन सेंटीमीटर लांब, तपकिरी आणि भाल्याच्या टोकासारखा अणकुचीदार असतो. त्याच्या खवल्यांखाली पुढच्या वसंताची पालवी पंख्यासारखी चुण्या घालून बसलेली असते. ती आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते. उरते ते फक्त उलगडणे.

उलगडायचे कधी, यासाठी समशीतोष्ण प्रदेशातली झाडे दोन हिशेब ठेवतात. शरदात दिवस आखडू लागले की डोळा सुप्तावस्थेत जातो. मग मध्येच ऊबदार आठवडा आला तरी तो फुटत नाही. पॉप्लरमध्ये या काळात पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजतात आणि काही आठवड्यांच्या थंडीनंतर पुन्हा मोकळ्या होतात. थंडीचा हा हिशेब पुरा झाला की उबेची बेरीज सुरू होते. थंडी जितकी भरपूर, तितकी थोडी ऊब पुरते. बीच तर दिवस पुरेसा मोठा झाला का, हेही पाहतो.

इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला घेतल्या. त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालवले. असल्या चिकाटीच्या वह्यांमुळेच पालवी किती अलीकडे सरकली हे कळते. मात्र ती तापमानाच्या प्रमाणात सरकत राहीलच असे नाही. युरोपातल्या सात वृक्षजातींच्या नोंदींनुसार १९८० ते १९९४ या काळात एका अंशाच्या वाढीमागे पालवी सुमारे ४ दिवस लवकर येई. १९९९ ते २०१३ मध्ये हा आकडा २.३ दिवसांवर आला. हिवाळे सौम्य झाल्याने थंडीचा हिशेब अपुरा राहतो, हे त्याचे एक संभाव्य कारण.

दिवसाची लांबी झाडांना आवरून धरेल, अशीही अपेक्षा होती. उत्तर मिनेसोटातल्या स्प्रूस-लार्चच्या दलदलीत उघड्या छताच्या उंच खोल्या उभारून आतली हवा ९ अंशांपर्यंत जास्त तापवली गेली. तिथे तो लगाम दिसला नाही. जितकी ऊब, तितकी हिरवळ लवकर. २०१६ च्या एप्रिलात कडाक्याचा गारठा परतला, तेव्हा तापवलेल्या खोल्यांतलीच कोवळी वाढ करपली.

नुकसान झाडांपुरते राहत नाही. अमेरिकेतल्या कॉन्कर्डमध्ये हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात केलेल्या नोंदींशी ताडता वृक्षांची पालवी सुमारे दोन आठवडे, तर तळाच्या रानफुलांची पाने जेमतेम आठवडाभर अलीकडे आली आहेत. वरचे छत मिटण्याआधी मिळणाऱ्या उन्हावरच या फुलझाडांचे वर्षभराचे बरेचसे अन्न तयार होते. आता ते ऊनच कमी दिवस मिळते.